आवाज, नाद आणि कटकट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवाज या विषयावर लिहितो असं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, शेजारचा स्पीकर बंद कसा करायचा. आणि दोन, "ते शाळेत पाठ केलेलं... घुबडाचा काय असतो हो?" (घूत्कार.) खाली दोन्हींची उत्तरं आहेत. मधले बरेच प्रश्न स्वयंपाकघरात, गच्चीवर आणि रात्री कूस बदलताना सुचलेले आहेत.

आवाज, ध्वनी, नाद, गोंगाट यांत फरक काय?

भौतिकशास्त्राला विचाराल तर काही नाही. हवेच्या दाबात होणारी थरथर कानाच्या पडद्यावर आदळते, एवढंच. ही थरथर सेकंदाला २० ते २०,००० वेळा होत असेल तरच माणसाच्या कानाला कळते. वय वाढलं की वरची हद्द खाली येते.

भाषेला विचाराल तर बराच फरक आहे. 'ध्वनी' पाठ्यपुस्तकात आणि कायद्यात राहतो. 'नाद' ऐकावासा वाटतो, म्हणून तर नाद लागतो. 'आवाज' सगळीकडे चालतो: गळ्याचा, दाराचा, जनतेचा. 'गोंगाट' म्हणजे अनेक आवाजांची खिचडी, 'गलका' माणसांचा, 'कलकलाट' पोरांचा किंवा पक्ष्यांचा. एकच आवाज दोन घरांत दोन नावांनी राहतो. वाजवणाऱ्याला नाद असतो, भिंतीपलीकडच्याला गोंगाट.

मराठीत आवाजांना इतके वेगवेगळे शब्द कशाला?

कारण आपल्या कानाने आवाज मोजण्याआधी ओळखले. केवढा आहे यापेक्षा कुणाचा आहे, हे रानात आणि गोठ्यात जास्त कामाचं. गाय हंबरते, म्हैस रेकते, बैल डुरकतो, घोडा खिंकाळतो. वाघाची डरकाळी, हत्तीचा चीत्कार, मोराचा केकारव, भुंग्याचा गुंजारव, माकडांचा भुभुःकार. यांतले काही शब्द आता परीक्षेपुरतेच उरले, हे मान्य. पण कुत्र्याचं बघा. तो भुंकतो, गुरगुरतो, केकाटतो, विव्हळतो आणि अपरात्री रडतो. अंथरुणात पडल्या पडल्या, डोळे न उघडता, बाहेर काय चाललंय ते या क्रियापदांतून कळतं. भुंकतोय म्हणजे कुणीतरी आलंय. केकाटला म्हणजे कुणीतरी दगड मारला.

निर्जीव वस्तूंचीही हीच तऱ्हा. पानांची सळसळ, ढगांचा गडगडाट, विजेचा कडकडाट, बांगड्यांची किणकिण, नाण्यांचा खणखणाट, समुद्राची गाज. 'गाज'ला दुसरा शब्द नाही. कोकणात रात्री दिवे गेल्यावर, लाटा दिसत नसताना जे ऐकू येतं, ते गाज.

मला जास्त गंमत वाटते ती दुसऱ्याच एका गटाची. कटकट, किरकिर, कुरकुर, भुणभुण, पिरपिर. हे सगळे मुळात आवाज. दार कुरकुरतं, रातकिडा किरकिरतो, डास भुणभुणतो. पुढे हेच शब्द माणसांच्या तक्रारीला आणि त्रासाला लागले. यांतला एकही आवाज मोठा नाही! गडगडाट, कडकडाट, दणदणाट यांपैकी कुणाचं 'कटकट' झालं नाही. माणूस पिसाळतो तो बारीक, न थांबणाऱ्या आणि आपल्या हातात नसलेल्या आवाजाने, हे मराठीने यंत्राविना हेरलेलं दिसतं. पावसाचंही तसंच. हवाहवासा असेल तर रिमझिम, कपडे वाळत नसतील तर रिपरिप. डेसिबल तेवढेच.

कोकिळा गाते की कोकीळ?

कोकीळ, म्हणजे नर. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कुहू कुहू त्याचंच. मादी तपकिरी, अंगभर ठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा घाईचा. गोड गळ्याच्या गायिकेला 'गानकोकिळा' म्हणायची आपली पद्धत पक्षिशास्त्राच्या दृष्टीने चुकीची आहे, पण ती कुणी बदलेल असं वाटत नाही. बदलूही नये.

पक्षी काय 'म्हणतो' हे ऐकणाऱ्याच्या पोटापाण्यावर ठरतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे पावशा. मे-जूनमध्ये तो वरच्या पट्टीत चढत चढत ओरडतो, आणि आपल्या शेतकऱ्याला ऐकू येतं: "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा!" याच पक्ष्याच्या हाकेत उकाड्याने हैराण झालेल्या इंग्रजांना 'ब्रेन फीवर' ऐकू यायचं. पक्षी तोच, महिनाही तोच.

टिटवीला मात्र उगीच अपशकुनी ठरवलंय. ती अंडी उघड्या जमिनीवर घालते, त्यामुळे रात्री कुणीही जवळ आलं की आरडाओरडा करून त्याला हाकलणं तिला भाग असतं.

एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत भर दुपारी कानठळ्या बसवतात ते रातकिडेच ना?

आपण त्यांना रातकिडे म्हणतो खरे, पण ते बहुधा सिकाडा नावाचे वेगळेच किडे असतात. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना ताठ, बरगड्यांसारख्या रेषांचे पडदे असतात. पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबून सोडल्यावर टकटक वाजतं, तसे हे पडदे स्नायूंनी सेकंदाला शेकडो वेळा आतबाहेर होतात, आणि पोकळ पोट तो आवाज मोठा करतं. घरात कपाटामागे किर्र करणारा खरा रातकिडा पुढचे पंख एकमेकांवर घासतो. दोन्हींत ओरडणारे नरच.

रातकिड्याचा वेग तापमानावर असतो. उकाड्यात भराभर, थंडीत रेंगाळत. १८९७ साली डॉल्बेअर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने किर्रकिर्र मोजून तापमान काढायचं सूत्रच मांडलं होतं.

आधण ठेवलं की पाणी उकळण्याआधीच भांडं जास्त आवाज का करतं?

मला आलेल्या प्रश्नांतला हा सगळ्यांत आवडता. आज चहा करताना ऐका. आधी काहीच नाही. मग बारीक 'सूं' सुरू होतं, ते वाढत वाढत चांगलं घरघरायला लागतं. आपल्याला वाटतं उकळलं. झाकण काढून बघावं तर पाणी वरून जवळपास स्थिर. आणि खरं आधण येतं तेव्हा आवाज खाली उतरतो, मऊ होतो, खदखद सुरू होते.

होतं असं की तळ तापला की तिथे वाफेचे बुडबुडे धरतात. ते सुटून वर जातात, पण वरचं पाणी अजून तेवढं तापलेलं नसतं. थंड पाण्यात शिरताच त्यांच्यातली वाफ पुन्हा पाणी होते आणि बुडबुडा चटकन मिटतो. असे हजारो बुडबुडे मिटण्याचे बारीक तडाखे म्हणजे ती घरघर. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता पृष्ठभागावर येऊन निवांत फुटतात. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ओट्याकडे पाठ करून तांदूळ निवडता निवडता "आता आला बघ आवाज खाली, टाक चहापूड" असं ती सांगायची.

तसंच कळशी भरण्याचं. नळाखाली कळशी लावून तुम्ही दुसऱ्या कामाला जाता आणि भरत आल्याचं कानाला कळतं, कारण आवाज बारीक होत जातो. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते, आणि आखूड पोकळी वरच्या पट्टीत बोलते. बासरी याच तत्त्वावर वाजते.

बाजारात माठ घेताना टिचकी मारतो तेही याच जातीचं. खणखणीत वाजला तर पक्का. 'बद्द' वाजला तर कुठेतरी तडा आहे. तड्याच्या कडा एकमेकींवर घासतात आणि थरथर तिथेच जिरते. डोळ्याला न दिसणारी चीर बोटाला आणि कानाला सापडते.

वाहत्या पाण्याचा खळखळाट नेमका कशाचा?

पाण्याचा कमी, त्यात अडकलेल्या हवेचा जास्त. पाणी दगडावर आपटतं, हवा आत ओढली जाते, आणि ते बुडबुडे आकसत-फुगत वाजतात. लहान बुडबुडा बारीक आवाजाचा, मोठा घोगऱ्या आवाजाचा. मिनार्ट या डच शास्त्रज्ञाने १९३३मध्ये हे गणिताने दाखवलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, कारण दगड वर आलेले असतात. म्हण शास्त्रालाही धरून आहे.

वीज किती लांब पडली हे आवाजावरून कळतं का?

कळतं. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चकाकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा. आलं ते अंतर किलोमीटरमध्ये. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर. पण "लांब आहे" म्हणून शेतात थांबू नका. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे पुढची वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा. झाडाखाली तर अजिबात नको.

आमच्या भागात जमिनीतून गूढ आवाज येतात. काय असतं ते?

मराठवाड्यातून हा प्रश्न सारखा येतो, आणि यात हसण्यासारखं काही नाही. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांग्रा शिंदे आणि आसपासच्या गावांत वर्षानुवर्षं असे आवाज ऐकू आलेत. सुरुंग उडाल्यासारखा दणका, पत्रे थरथरतात, आणि मग सगळं शांत.

बहुतेक वेळा हे अगदी लहान आणि उथळ भूकंप असतात. धक्क्याची पहिली लाट खालून येऊन जमिनीला आदळते, तेव्हा जमिनीचा पृष्ठभाग स्पीकरच्या पडद्यासारखा हलतो आणि हवेत आवाज उमटतो. धक्का इतका छोटा की पायाला कळत नाही, कानाला कळतो. दख्खनचा काळा पाषाण घट्ट, त्यामुळे बारीक कंपनंही त्यात फारशी न मरता वर येतात.

मग घाबरायचं का? अशा आवाजांवरून मोठा भूकंप येणार की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. बहुतेक वेळा मालिका आपोआप विरते. पण ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाआधी, १९९२मध्ये, त्या परिसरात लहान धक्के जाणवले होते, हेही खरं. हिंगोलीला १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचा धक्का बसलाच. तेव्हा व्हॉट्सॲपवरच्या तारखा-वेळांवर विश्वास ठेवू नका, आणि दगड-मातीच्या जड धाब्याखाली झोपत असाल तर त्या छताचं आधी बघा. किल्लारीत माणसं मेली ती बव्हंशी अशाच घरांखाली.

डेसिबल म्हणजे नक्की किती?

इथे सगळे फसतात. डेसिबल किलोसारखे वाढत नाहीत. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, २० वाढले की शंभरपट. ३ वाढले तरी दुप्पट. म्हणून "मर्यादा ५५, आमचा फक्त ७५" यातला 'फक्त' म्हणजे शंभरपट. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते, त्यामुळे वाजवणाऱ्याला आपण फार काही केलं असं वाटतच नाही.

साधं बोलणं ६० च्या आसपास.

ढोलपथकात आहे. कानाला खरंच धोका असतो?

असतो. माझा भाचा पथकात आहे, त्यामुळे घरातच वाद घालून झालेत. कामाच्या ठिकाणासाठी सर्रास वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आता मुठेकाठचा सराव आठवा. पावसाळाभर, रोज संध्याकाळी, ताशा कानापासून हातभर अंतरावर.

आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. एकदा मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. सराव संपल्यावर कानात 'सुंई' वाजतं आणि सकाळी जातं, म्हणून पोरं निर्धास्त. ती सुंई म्हणजे पेशींनी मारलेली बोंब असते. फोमची बोळी कानात घाला, ताल चुकत नाही. भाचा पहिल्या दिवशी लाजला. दुसऱ्या वर्षी त्याच्या ओळीतल्या चौघांनी मागून घेतली.

दारं-खिडक्या लावल्या तरी डीजेचा दणका आत येतोच, गाणं मात्र कळत नाही. का?

बारीक पट्टीचे आवाज भिंत अडवते, खर्जातले आवाज भिंतीलाच हलवतात. म्हणून शब्द बाहेर राहतात आणि छातीत धडधड आत येते. पडदे, गाद्या, खिडकीच्या फटीला रबर यांनी बारीक आवाज कमी होतात. खर्जावर घरगुती इलाज नाही, स्रोत बंद करणं हाच.

कायदा काय म्हणतो? रात्री दहानंतर सगळंच बंद?

लागू आहेत ते ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात.

रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. निवासी भागात विनाकारण हॉर्न नाही, आवाजाचे फटाके नाहीत, बांधकामाची दणदणणारी यंत्रं नाहीत. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सण-उत्सवांसाठी रात्री बारापर्यंत सूट देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. या सुटीचा सर्रास चुकीचा अर्थ लावला जातो. सूट वेळेची आहे, आवाजाची नाही.

आणि दिवसा काहीही चालतं, हाही गैरसमजच. ५५ची मर्यादा दुपारी बारालाही असते. फटाक्यांचं वेगळं आहे: फुटल्यावर ४ मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायलाच बंदी आहे.

तक्रार केली तर नाव फुटेल, ही भीती वाटते.

रास्त भीती आहे, त्याच सोसायटीत राहायचं असतं. मी स्वतः एकदा तक्रार केली आणि अर्ध्या तासात मंडळाचा कार्यकर्ता दारात येऊन "काका, आम्हालाच सांगायचं ना" म्हणाला. बरीच वर्षं झाली त्याला.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ध्वनिक्षेपक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. आणि पोलिसांनी तक्रारदाराचं नाव उघड न करता कारवाई करावी, असंही सांगितलं. ११२ला फोन करा, ठिकाण आणि वेळ नेमकी सांगा, "नाव गुप्त ठेवा" हे शब्द उच्चारा. फोनमधलं मोजणीचं ॲप पुरावा म्हणून टिकणार नाही, पण आवाज ५५च्या जवळ आहे की ८०च्या, याचा अंदाज येतो.

हॉर्नचं काही होणार आहे का?

२०२०च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक झकास प्रयोग दाखवला. सिग्नलला आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंधळ ८५ डेसिबलपुढे गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वाजवा, थांबा. कल्पना अशी की प्रत्येक चौकात लावावी. लागली नाही.

भोंगा म्हणजे निव्वळ गोंगाटच ना?

गिरणगावात विचारा. गिरण्यांच्या भोंग्यावर पाळ्या बदलायच्या, घड्याळं लागायची, डबे भरले जायचे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि तिथल्या म्हाताऱ्यांना आठवतं ते भोंगा न झाल्याचं.

उलटी गोष्ट सांगली जिल्ह्यातली. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव इथे २०२२पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. शांततेसाठी भोंगा!

तबल्यावरची काळी शाई कशासाठी?

नुसतं कातडं ताणून वाजवलं तर त्यातून निघणाऱ्या वेगवेगळ्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाला सूर नसतो, दणका असतो. मध्यभागी शाईचा जड थर दिला की त्या पट्ट्या पूर्ण पटीत येतात आणि सूर लागतो. हे सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्ये, त्यांना नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी, दाखवलं. ज्यांनी पहिल्यांदा शाई घोटली त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत.

पंख्याच्या आवाजाशिवाय झोप येत नाही. वाईट सवय आहे का?

नाही. पंख्याची एकसुरी घरघर बाकीचे आवाज झाकते. झोप मोडते ती आवाजाने कमी, अचानक झालेल्या बदलाने जास्त. म्हणूनच दिवे गेले आणि पंखा थांबला की आपण जागे होतो. सगळ्या पट्ट्या सारख्या मिसळलेल्या अशा आवाजाला 'पांढरा गोंगाट' म्हणतात. तान्ह्याला थोपटताना आपण 'शूऽऽ शूऽऽ' करतो तो त्यातलाच.

रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज इतका चिरका का?

चिरका नाही, तोच खरा. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दुहेरी ऐकू येतो. हाडं खर्ज वाढवतात. बाकी जगाला तुमची हाडं मिळत नाहीत.

शांत खोलीत कानात गुणगुण ऐकू येते.

बऱ्याच जणांना येते. एकाच कानात असेल, सतत असेल, किंवा चक्कर येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर "सर्दीने असेल" म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी जा. औषध लवकर सुरू झालं तर ऐकू येणं परतण्याची शक्यता जास्त.

डास नेमका कानाशीच का भुणभुणतो?

तो, नव्हे ती. चावणारी मादीच. ती आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते, आणि श्वास बाहेर पडतो ती जागा कानापासून वीतभर. पायाशीही ती तेवढीच भुणभुणत असते, फक्त तो आवाज इतका बारीक की तिथून ऐकू येत नाही.